यांजकडून सप्रेम भेट

पावणेतीनला काकूंच्या दाराची कडी वाजते. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर येऊन बसलोय. माघ सरत आलाय. अंबरनाथ पश्चिमेत या दिवसांत पहाटे अंगाला गारवा झोंबतो आणि त्याच वेळी डासही फोडून काढतात. चाळीत जिन्यातला एक दिवा तेवढा जळतोय. कुणाच्या तरी घरात पंखा कुरकुरतोय.

"आलास? थांब हं, पाणी घेते."

पाणी म्हणजे महादेवाचं पाणी. काल संध्याकाळी नळ आला तेव्हा काकूंनी पहिली धार सोडून दिली, नंतरचं पाणी कळशीत धरलं आणि कळशी देवघरासमोर झाकून ठेवली. घरात कुणाला तिला हात लावू दिला नाही. आता त्यातलं तांब्यात ओततायत. दूध त्या नेत नाहीत. "दूध पोरांच्या तोंडी जावं. त्याला पाणी पुरतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

तांब्या चांगला जड बुडाचा आहे, पोटाला एक पोचा आलेला. त्यांच्या लग्नात आलेला. गळ्याच्या खाली टिंबाटिंबांनी नाव घातलंय, पूर्वी आहेराच्या प्रत्येक भांड्यावर घालत तसं. पंचेचाळीस वर्षं चिंचेने आणि मिठाने घासून घासून देणाऱ्याचं नाव पार गेलंय. उरलंय ते एवढंच : यांजकडून सप्रेम भेट. कोणाकडून, ते काकूंना आठवत नाही. "मामांकडून असेल. नाहीतर ह्यांच्या कारखान्यातल्या लोकांनी वर्गणी काढून दिला असेल. तेव्हा माणसं काय कमी होती?"

तांब्याच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी, तिच्यावर दोन रबरबँड. कापडी पिशवीत बेलाची जुडी, धोत्र्याची दोन पांढरी फुलं, एक कवठ आणि राजगिऱ्याचे लाडू. उजव्या गुडघ्याला क्रेप बँडेज. दरवर्षी शिवरात्रीला त्या पूर्वेच्या महादेवाला एकट्या जातात. यंदा गुडघ्यामुळे मुलाने पुण्याहून मला फोन केला, म्हणून मी. म्हणजे मी भक्त म्हणून चाललो नाहीये. हमाल म्हणून चाललोय, हे आधीच सांगितलेलं बरं.

विम्को नाक्यावर दोन कुत्री आणि एक पोलीस. एरवी 'विम्को, विम्को' म्हणताना कुणाच्या ध्यानात येत नाही, पण ही वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीची आद्याक्षरं आहेत. १९२०च्या दशकात स्वीडनच्या भांडवलावर उभी राहिलेली काडेपेटीची कंपनी. आमच्या पश्चिमेची घडण झाली ती अशी. एका अंगाला आगकाडीचा कारखाना, दुसऱ्या अंगाला आयुधनिर्माणी, आणि मधल्या चाळींतून भोंग्यावर उठणारी, भोंग्यावर जेवणारी माणसं. आगीशी रोजचा संबंध आणि घरोघर गार पाण्याचा देव. काकूंचे यजमान यांतल्या कुठल्याच ठिकाणी नव्हते. ते पलीकडच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात होते. घरी यायचे तेव्हा कधी हात निळे, कधी हळदीसारखे पिवळे. "आज काय रंग, ते बघून मी पगार ओळखायचे," काकू सांगतात. "निळा असला की ओव्हरटाइम."

रिक्षा आहेत, पण रिक्षाने पूर्वेला जायचं म्हणजे पुलावरून मोठा वळसा. काकूंना ते मान्य नाही. पायी जायचं. स्टेशनच्या पादचारी पुलाच्या पायऱ्या त्या एक-एक करून चढतात, दर पायरीवर दोन्ही पाय टेकवत. मध्यावर येऊन थांबतात, कठड्याला धरून दम घेतात. खाली रूळ चकाकतायत. पुण्याकडून आलेली एक लांब गाडी न थांबता धडधडत जाते, पूल थरथरतो, आणि काकू दोन्ही हातांनी तांब्या छातीशी धरतात.

"सांडलं?"

"नाही. रबर घट्ट आहे." मग पूर्वेकडे हनुवटी करून, "तुला माहितेय का, महादेवाचं तोंड आपल्याकडे आहे. पश्चिमेला. पूर्वेची लोकं म्हणतात आमचा शंकर. पण पाठ कुणाकडे केलीय त्याने?"

हे खरं आहे. देऊळ पश्चिमाभिमुख आहे. एवढा एक मुद्दा पश्चिमेच्या बाजूने पडतो, आणि आम्ही तो सोडत नाही.

पूर्वेला उतरलो की वर्दळ एकदम वाढते. शिवाजी चौकातून पुढे सगळा रस्ताच जत्रा झालाय. पाळणे थांबलेत पण त्यांचे दिवे चालू आहेत. बेलवाल्या बायका पोत्यावर पानं पसरून बसल्यात. रताळी, कवठं, रुद्राक्ष, प्लास्टिकचे त्रिशूळ, डमरू. एका टपरीवर उपवासाचे वेफर्स आणि शेजारीच चायनीज भेळ. बांबूंच्या कठड्यांमध्ये रांग घुसलीय ती कुठे संपते ते इथून दिसत नाही. शेपूट शोधत आम्ही उलट चालत जातो. वीस-पंचवीस मिनिटं. शेवटी एका किराणा दुकानाच्या बंद शटरपाशी शेपूट सापडतं. चार वाजायला आलेत.

रांगेत माणूस दोन तास काय करतो? पहिला अर्धा तास मोबाइल. नंतर पुढच्याच्या मानेकडे बघतो. त्यानंतर बोलायला लागतो.

आमच्या पुढे एक पोरगा आहे, विशी-बाविशीचा. कपाळावर तीन आडवी बोटं भस्माची, हातात स्टीलची ताटली, तिच्यात फुलं आणि फुलांच्या मध्ये एक चावी. नव्या रिक्षाची. परवाच पासिंग झालंय. चावीला अजून शोरूमची पिवळी चिठ्ठी लटकतेय. "देवाला लावल्याशिवाय पहिलं भाडं घ्यायचं नाही, असं आईने सांगितलंय," तो म्हणतो. दर दहा मिनिटांनी तो चावी फुलांखाली आहे ना ते बघतो.

त्याच्याही पुढे एक बाई. पस्तिशीतली असावी. हातात ताट नाही, फुलं नाहीत. काखेत हॉस्पिटलची फाइल, जाड, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, कडा बाहेर आलेल्या. ती कुणाशी बोलत नाही आणि मोबाइलही काढत नाही. मधूनच फाइल एका काखेतून दुसऱ्या काखेत घेते, झोपलेलं मूल खांदा बदलून घ्यावं तशी.

आमच्या मागे एक आजी, ऐंशीच्या आसपास. पांढरी सलवार-कमीज, डोक्यावर ओढणी. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातून नातवाच्या स्कूटरवर आल्यात. नातू स्कूटर लावायला गेला तो अजून आलेला नाही. आजी काकूंशी हिंदीत बोलतात, काकू त्यांना मराठी घातलेल्या हिंदीत उत्तर देतात, आणि दोघींचं झकास चाललंय. विषय अर्थातच गुडघे. मग सुना. मग फाळणी, कारण उल्हासनगरच्या वयस्क माणसाशी अर्धा तास बोललं की तिथे यावंच लागतं. आजींचं कुटुंब शिकारपूरचं. सत्तेचाळीसनंतर बोटीने मुंबई, तिथून कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकीत. त्या छावणीचं उल्हासनगर १९४९च्या ऑगस्टात झालं. आजी बराकीतच जन्मल्या, अर्ध्या भिंतीपलीकडे दुसरं बिऱ्हाड.

"माँ ने दस साल दिया नहीं जलाया," आजी सांगतात. "तस्वीर थी घर में, शंकर जी की, झूलेलाल की. दिया नहीं जलाया. बोलती थी, पहले हिसाब दो. फिर एक दिन मैं स्कूल से आई तो दिया जल रहा था. किसी ने पूछा नहीं, उसने बताया नहीं."

काकू हुं म्हणतात. पुढे काही बोलत नाहीत. रांग सात-आठ पावलं सरकते.

आता देवळाची बाजू दिसायला लागलीय. फ्लडलाइटच्या उजेडात काळा दगड ओला असल्यासारखा दिसतो. तळाशी हत्तींच्या आणि कीर्तिमुखांच्या ओळी, त्यांच्या वर देव-देवता, नर्तकी, आणि पुष्कळशा मूर्तींना नाक-हात नाहीत. मी हमाल असलो तरी थोडं वाचलेला हमाल आहे, त्यामुळे मला राहवत नाही. काकूंना सांगतो की उत्तरेच्या दारावर आतून एक शिलालेख आहे, त्यात शके ९८२ आहे, म्हणजे इ.स. १०६०. उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी मुम्मुणी राजाच्या वेळचा. या बांधणीला भूमिज म्हणतात, सिन्नरचा गोंदेश्वरही त्याच जातीचा.

"पांडवांनी बांधलं. एका रात्रीत."

"काकू, लेख आहे तिथे."

"असू दे. मग शिखर अर्धं का? कोंबडा आरवला, उजाडलं, म्हणून राहिलं. राजाने बांधलं असतं तर राजाला कसली घाई होती?"

याला माझ्याकडे उत्तर नाही. गाभाऱ्यावरचं शिखर खरोखरच पूर्ण नाही, आणि ते राहिलं की पडलं यावर मी पैज लावणार नाही. पण राजांना घाई नव्हती हे काकूंचं म्हणणं मनात घोळत राहतं. ज्या शिलाहारांनी हे देऊळ उभं केलं त्यांचा शेवट मोठा विचित्र आहे. तेराव्या शतकात त्यांचा शेवटचा राजा सोमेश्वर देवगिरीच्या यादवांशी समुद्रात लढताना बुडाला. त्याला बुडवणाऱ्या यादव राजाचं नाव होतं महादेव. दोनशे वर्षांवर महादेवाची देवळं बांधायची आणि महादेवाच्याच हातून बुडायचं. सोमेश्वराला त्या क्षणी काय वाटलं असेल? नवस चुकला असं? की हिशोब मागावा असं?

आपली भाषा या बाबतीत फार बाजारी आहे, आणि हे मी तिच्या कौतुकाने म्हणतोय. कर्ज फेडतात तसाच नवसही फेडतात. देवावर हवाला टाकतात, भिस्त ठेवतात, भार घालतात. हवाला, भार : सगळे शब्द पेठेतले, वखारीतले. आणि ज्याने नुसतं बसून राहावं त्याची थट्टा करायला 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' हेही तयारच. म्हणजे विश्वास ठेवा, पण हिशोबाने. आपले संत त्या मानाने हिशोबात कच्चे. देहूचा वाणी १६३०च्या दुष्काळात बुडाला, दिवाळं निघालं, पहिली बायको अन्नावाचून गेली, मूल गेलं. आणि त्यानंतर त्याने आपल्या वाटणीची खतपत्रं इंद्रायणीत टाकली, असं परंपरा सांगते. देणेकऱ्यांना सोडलं. विठोबाला मात्र सोडलं नाही, त्याच्याशी जन्मभर भांडत राहिला. नामदेव भांडला, जनाबाईने तर ठेवणीतल्या शिव्या दिल्या. आपल्याकडे देवाशी भांडणं ही नास्तिकता नाही. ती घरातली गोष्ट आहे.

हे सगळं मी मनातच म्हणतोय. काकूंपुढे म्हणायची छाती नाही.

पाच वाजून गेलेत. वालधुनीचा वास येतोय. देवळाच्या अंगाने वाहणारी ही नदी. नदी म्हणायचं कारण नावात आहे एवढंच. कठड्यापलीकडे अंधारात ती दिसत नाही, नाकाला कळते. एकेकाळी इथे हातपाय धुऊन लोक देवळात जात. २६ जुलै २००५ला मात्र तिने आपण नदी असल्याचं सगळ्यांना दाखवून दिलं.

"तेव्हा आपल्या चाळीत कंबरभर पाणी," काकू रिक्षावाल्या पोराला सांगतात. तो तेव्हा तान्हा असेल. "मी आधी देव उचलले. देवघर सगळं माळ्यावर टाकलं, मग रेशनचे डबे, मग मुलगा. ह्यांनी विचारलं, अगं, देवांनी आपल्याला वाचवायचं की आपण देवांना? म्हटलं, आता ज्याचा हात मोकळा असेल त्याने वाचवावं."

पोरगा हसतो. फाइलवाली बाईही मान वळवून बघते. पहिल्यांदाच.

मग काकू माझ्याकडे न बघता, सिंधी आजींकडे अर्धवट वळून बोलायला लागतात. आवाज रोजचाच. भाजी महाग झाली म्हणून सांगताना असतो तो.

कारखाना बंद पडला तेव्हा यजमान त्रेपन्न वर्षांचे. देणं बरंच राहिलं, ते अजूनही पूर्ण मिळालेलं नाही. ते घरी बसले. हात पांढरे झाले. काकू म्हणतात, पहिले सहा महिने त्यांना त्या पांढऱ्या हातांचीच भीती वाटायची. मग इकडेतिकडे वॉचमनची कामं, मग दम, मग तीन वर्षांत सगळं आटोपलं. दिवाळीच्या आधी गेले. फेब्रुवारीत शिवरात्र आली.

"वर्षाच्या आत देवळात जायचं नसतं. जाऊबाई म्हणाल्या, चाळीतल्या बायका म्हणाल्या. मी म्हटलं, मी सण करायला नाही चालले. तांब्या भरला, आले. रांगेत उभी राहिले. आत गेले, पाणी घातलं आणि हात जोडले नाहीत. बघितलंसुद्धा नाही नीट. अबोला धरला होता. पाणी घालायचं कबूल केलंय, ते घातलं. बोलायचं कबूल केलं नव्हतं."

"कितने साल?" आजी विचारतात.

"तीन. तीन शिवरात्री. चौथ्या वेळी पायरी चुकली, धडपडले, तोंडातून 'अरे देवा' निघालं. मग काय, बोलणं झालंच."

सिंधी आजी खळखळून हसतात, दात नसलेलं तोंड उघडून. रांग पुढे सरकते. काकू तांब्याचा हात बदलतात.

"पण चुकवली ती एकदाच. आणि ती वाईट वर्षात नाही." आता त्या माझ्याशी बोलतायत. "मुलाला पुण्याला नोकरी लागली बघ, फ्लॅटचं कर्ज पास झालं, सून आली. त्या वर्षी. वास्तुशांत शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी. पाहुणे, सामान, भटजी, केटरर. रात्री अकराला लक्षात आलं की आज शिवरात्र होती. पुण्यात कुठल्या देवळात गेले असते, पण म्हटलं, जाऊ दे, उद्या होम आहेच, त्यात महादेव आलाच की."

"मग?"

"मग काय?"

"नाही, म्हणजे काही झालं का?" विचारताना माझ्या लक्षात येतं की मला एखादी अद्दल ऐकायचीय. फ्लॅटला गळती, सुनेचं काही, नोकरी. चुकवली आणि भोगलं, असं काहीतरी. आपण इतके त्या गोष्टींवर वाढलोय. सत्यनारायणाचा प्रसाद न घेता गेलेल्या कलावतीच्या नवऱ्याची नौका बुडतेच.

"काही नाही झालं," काकू म्हणतात. "वर्षभर वाट बघितली. मनात धाकधूक. काहीच झालं नाही. उलट पोराला बढती मिळाली." थोडं थांबतात. "त्याचंच वाईट वाटलं मला. म्हटलं, आपण नाही गेलो तरी ह्याचं काही अडलं नाही. विचारलंसुद्धा नाही त्याने, का गं आली नाहीस."

यावर काय बोलावं ते मला कळत नाही. सिंधी आजींना मराठीतलं किती कळलं कोण जाणे, पण त्यांनी काकूंच्या पाठीवर हात ठेवलाय.

"पुढच्या वर्षी आले तेव्हा मीच सांगितलं. म्हटलं, गेल्या खेपेला राहिलं हं."

दरवाजापाशी येईपर्यंत सहा वाजतात. सभामंडपाचे खांब खालपासून वरपर्यंत कोरलेत. एरवी लोक या खांबांचे फोटो काढायला येतात, आज खांबाला टेकायला मिळालं तरी पुष्कळ. मागून रेटा, पुढे घाम, फुलांचा आणि तुपाचा आणि माणसांचा वास. एक सेवेकरी घसा बसेपर्यंत ओरडतोय, "चला, चला, थांबू नका, पायऱ्या बघा."

इथला गाभारा वर नाही, खाली आहे. वीसेक पायऱ्या उतरून जावं लागतं. पायऱ्या पाण्याने, बेलाने, सांडलेल्या दुधाने बुळबुळीत. काकूंचा एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्यात तांब्या. प्लास्टिकची पिशवी त्यांनी वरच काढून कमरेला खोचलीय. रबरबँड मनगटात. दर पायरीवर दोन्ही पाय. मागचा एक तरुण वैतागून "आजी, लवकर" म्हणतो, आणि रिक्षावाला पोरगा त्याच्याकडे असा बघतो की तो गप्प बसतो.

खाली दमट उकाडा. दिव्यांचा उजेड पाण्यावर हलतोय. पिंडी दिसत नाही, बेलाचा ढीग दिसतो.

फाइलवाली बाई पुढे होते. तिच्याकडे वाहायला काही नाही. ती वाकते आणि प्लास्टिकच्या पिशवीसकट फाइल त्या ओल्या दगडाला टेकवते. पिशवीवर पाणी चढतं. तिने वर बघितलेलं नाही, डोळेही मिटलेले नाहीत. सेवेकरी "चला ताई" म्हणतो, पण आवाज खाली आणून. तिच्या पाठोपाठ पोरगा. तो चावी ताटलीतून उचलतो, त्याच जागी टेकवतो, शोरूमची पिवळी चिठ्ठी भिजते. दोघांना मिळून दहा-बारा सेकंदं. ती पदराने फाइल पुसत पायऱ्यांकडे वळते, तो शर्टाला चावी पुसत.

काकू वाकतात. वाकताना गुडघा कुरकुरलेला मला ऐकू येतो. तांब्या तिरपा होतो, पाणी एका धारेत जातं, घाई न करता, सेवेकऱ्याच्या "चला"कडे साफ दुर्लक्ष करत, तळाशी दोन घोट शिल्लक ठेवून. ओठ हलतात. एकच शब्द असावा, दुसऱ्याला वेळ नव्हता.

मी वर बघतो. इथे डोक्यावर छप्पर नाही, अर्ध्या शिखरातून आभाळाचा तुकडा दिसतो. मघापर्यंत तो काळा असणार. आता राखाडी झालाय. पावसाळ्यात इथे थेट पिंडीवर पाऊस पडत असेल, असा विचार येतो, आणि तेवढ्यात कुणाचा तरी कोपर बरगडीत बसतो. मी हात जोडले की नाही, ते मला आठवत नाही. काकूंचा तांब्या मात्र माझ्या हातात आहे.

बाहेर नंदीपाशी मोकळी हवा. सिंधी आजींचा नातू अखेर सापडलाय आणि शिव्या खातोय. फाइलवाली बाई गर्दीत दिसेनाशी झालीय; पोरगा तिला शोधतोय, त्याला म्हणे तिला हॉस्पिटलपर्यंत सोडायचंय, पहिलं भाडं म्हणून. फुकट. तो बराच वेळ टाचा उंचावून बघतो. मग आमच्याकडे वळतो.

"आजी, तुम्ही तरी चला."

"मला पुलावरून जायचंय," काकू म्हणतात. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून, "बरं, स्टेशनपर्यंत सोड. पण पैसे घ्यायचे. पहिली बोहनी फुकट नसते करायची."

रिक्षाच्या सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही, बसल्यावर कुरकुरतं. मी विचारतो, "काकू, आत काय म्हणालात?"

"आले, म्हटलं."

"एवढंच?"

"पुण्याला मुलाकडे गेल्यावर दारात काय भाषण करायचं असतं?"

पूल. पुन्हा तीच पायऱ्यांची गणती, आता उजेडात. खाली मुंबईकडे जाणारी लोकल लागलीय आणि माणसं धावतायत. काहींच्या कपाळावर भस्म आहे, काहींच्या हातात डबा, काहींच्या दोन्ही. लांबवर मलंगगडाचा सुळका धुरकटातून वर आलाय.

घरी येईपर्यंत साडेसात. तांब्यातले दोन घोट काकू दारातल्या तुळशीला घालतात. भिजवलेला साबुदाणा हाताने मोकळा करतात, कढईत तूप, जिरं, मिरची. मी कट्ट्याशी बसून कवठ फोडतोय. ते फुटत नाही. फोन वाजतो, मुलाचा. काकू तो कानाला आणि खांद्याला धरून खिचडी हलवतात. "हो, आले जाऊन... नाही रे, नाही दुखत... तो होता ना बरोबर... नाही, काही मागितलं नाही. का? हप्ता वाढला का?... बरं. बरं, बघू." फोन ठेवतात. हप्त्याचं पुढे काही बोलत नाहीत.

मग मोरीत जाऊन तांब्या घेतात, चिंचेचं बोटूक मिठात बुडवून तो घासायला लागतात. आधी बूड, मग पोट, पोच्याच्या खळग्यात बोट घालून. अक्षरांपाशी आल्यावर थांबतात. तांब्या धुऊन माझ्यापुढे धरतात.

"तुझे डोळे चांगले आहेत. बघ जरा उजेडात. यांजकडूनच्या आधी काही दिसतंय का?"

मी तो खिडकीपाशी नेतो. तिरपा करतो. ओलसर तांब्यावर सकाळचं ऊन पडतं आणि टिंबांची एक अगदी पुसट रेघ वर येते. उभी.

"एक काना दिसतोय, काकू."

"नुसता काना?"

"नुसता काना."

"काना," त्या म्हणतात आणि झारा हातात धरून विचार करायला लागतात. "मामा... काका... आत्यांचे ते... दादासाहेब होते ह्यांच्या खात्यात, त्यांच्यात तर तीन-तीन काने. नानांच्यातही आहे. अरे, सगळ्यांच्याच नावात काना आहे की रे." कढईत खिचडी खाली लागल्याचा वास येतो. "बघ, लागली. तू घे ती ताटली. आणि कवठ तसं नाही फुटत, उंबऱ्यावर आपट."

मी उठून उंबऱ्यापाशी जातो.